मगदूम बाईंची दुरुस्ती

शैलजा मगदूम यांनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलं शिकवली आणि चौतीस वर्षांत एकाही मुलाला स्वतःचं वाक्य स्वतः पुरं करू दिलं नाही. एखादं पोर फळ्यापाशी चाचरलं की बाईंचा जीव कासावीस व्हायचा. त्याच्या तोंडातला अर्धा शब्द त्या काढून घ्यायच्या, पुरा करायच्या आणि "असंच म्हणायचं होतं ना तुला?" असं विचारून मोकळ्या व्हायच्या. पोर मान हलवायचं. बाईंपुढं नाही कोण म्हणणार?

त्या दुष्ट नव्हत्या हो. मायाळू होत्या. नवरा, मगदूम गुरुजी, वारले, निवृत्ती झाली, रिकामं घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी गडहिंग्लजच्या 'सोबत मंडळा'त नाव घातलं. ज्या घरात बरं न होणारं दुखणं शिरलंय, त्या घरी मंडळाचा सोबती आठवड्यातून तीन दुपारी जाऊन बसायचा. रुग्णाला कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं, गप्पा मारायच्या. तेवढ्यात घरची बाई डोक्यावरून पाणी घेऊन येते, गिरणीत जाऊन दळण आणते, नाहीतर नुसतीच परसात जाऊन रडून येते. मंडळानं बाईंना जोतिराम खोतांचं घर दिलं.

जोतिराम म्हणजे तीन तालुक्यांचा आवाज. कुस्तीचं मैदान कुठल्याही गावचं असो, लाल मातीच्या कडेला माइक धरून जोतिराम उभा. कुठला पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या साली त्यानं कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. "ढाक लावली, ढाक! उठतोय काय बगा!" असं तो गरजला की कुस्ती न बघणारी माणसंही वळून बघायची. घरात मात्र गडी मुलखाचा घुमा. बायकोला 'ए' एवढीच हाक. तीस वर्षांच्या संसारात त्यानं मालनला नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या हातातून माइक पडला. डॉक्टरांनी निदान केलं ते असं: मेंदूकडून स्नायूंकडं निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. आधी बोटं जातात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं आणि सगळ्यात शेवटी श्वास. कान जात नाहीत. बुद्धी जात नाही. माणूस आत जसाच्या तसा जागा असतो. दोन वर्षांत जोतिरामचं सगळं हलणं बंद झालं, फक्त डाव्या पापणीत थोडी जान आणि घोटभर पेज गिळण्याइतकी ताकद उरली. तेव्हा घरात 'बोलकी' आली.

बोलकीचं शास्त्र सरळ होतं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा जीभ हलायच्या आधी मेंदूच्या एका पट्टीतून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सुटतात. जीभ मेली तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. डोक्यावर घातलेली जाळीची टोपी ते टिपते, संगणक त्यांचे शब्द लावतो, आणि जुन्या ध्वनिफितींवरून त्याच माणसाचा आवाज तयार करून ते बोलून दाखवतो. अडचण फक्त कवटीची. जाड भिंतीपलीकडं चाललेलं भांडण ऐकावं तसं ते असतं. सूर कळतो, शब्द निम्मेच कळतात. उरलेले निम्मे यंत्र अंदाजानं भरतं. अंदाज बरोबर की चूक हे सांगायला सोबत्यानं शेजारी बसायचं. बरोबर असेल तर हिरवं बटण, चूक असेल तर लाल. लाल दाबलं की 'दुरुस्ती'ची चौकट उघडते, तिच्यात खरा शब्द लिहायचा. अशा हजार-दोन हजार दुरुस्त्या झाल्या की यंत्राला त्या माणसाची सवय होते.

आणि खरा शब्द सोबत्यानं कुणाला विचारायचा? रुग्णाच्या पापणीला. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. पापणीनं खूण दिली नाही तर चौकट रिकामी सोडायची, असं प्रशिक्षणात दहा वेळा बजावलं होतं. बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण जोतिरामची पापणी दोन महिन्यांत जड झाली, खुणा येईनाशा झाल्या, आणि रिकामी चौकट बघवेना. उत्तरपत्रिकेत कोरी जागा दिसली की बाईंना पहिल्यापासून कसंसंच व्हायचं.

मालन पेज घेऊन आली की यंत्र म्हणायचं, "जा." बाई लाल बटण दाबून लिहायच्या, 'जा, जरा पड. दमली असशील.' यंत्र म्हणायचं, "ए." बाई लिहायच्या, 'मालन.' यंत्र म्हणायचं, "बास." यावर मात्र बाई जरा अडायच्या. मग लिहायच्या, 'बास, पोट भरलं. झकास झालीया पेज.' एवढा मोठा बोलका माणूस, दोन अक्षरांत कसा बोलेल? यंत्रच कच्चं आहे, असं त्या मालनला समजावून सांगायच्या.

श्वास कमी पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घशाला भोक पाडून नळी घालायची का? नळी घातली तर श्वासयंत्रावर वर्षानुवर्षं निघतील. नाही घातली तर महिना, दीड महिना. निर्णय रुग्णाचा. तेव्हा हा प्रश्न घरी विचारून सराव करून घ्या, म्हणजे त्या दिवशी यंत्र गोंधळणार नाही.

बाईंनी सराव घेतला. "जोतिरामभाऊ, नळी हवी का?"

"नको," यंत्र म्हणालं.

दारात मालन पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि लाल बटण दाबलं. दुसऱ्यांदा विचारलं. नको. तिसऱ्यांदा विचारलं. नको. तिन्ही वेळा बाईंनी चौकटीत 'हवी' लिहिलं. जगायला नको कोण म्हणतं? यंत्राचीच चूक. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना खरं काय ते कळलं होतं. पण शिकवताना त्या कोपऱ्याकडं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं, आता काय बघणार?

दोन दिवसांनी डॉक्टरांसमोर यंत्र म्हणालं, "हवी." नळी घातली.

त्यानंतरचं दीड वर्ष खोतांच्या घरात सण असल्यासारखं गेलं. यंत्र आता अस्खलित बोलायला लागलं होतं, आणि तेही मैदान गाजवणाऱ्या त्या भरदार आवाजात. "मालन, तुझ्या हाताला चटका बसलाय, मलम लाव." "मालन, ती निळी साडी नेस की." मालननं ठेवणीतल्या साड्या काढल्या. पंचावन्नाव्या वर्षी ती गालातल्या गालात हसायला शिकली. शेजारणी जोतिरामचं बोलणं ऐकायला यायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांशी भांडायच्या. मंडळानं बाईंना शाल-श्रीफळ दिलं आणि नव्या सोबत्यांना शिकवायचं काम सोपवलं.

कधीकधी यंत्र बाईंनाही म्हणायचं, "बाई, उनातनं आलासा, आधी पाणी घ्या." मगदूम गुरुजींनी उभ्या जन्मात असं विचारलं नव्हतं, ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता वारले. बाई त्या वाक्यानं चक्क लाजायच्या. आपण लिहिलेल्याच ओळी आपल्याला परत येतायत, हे एकदोनदा त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. शिकवलेलंच उत्तर मुलं लिहितात, त्यात नवल काय?

पुढचं सगळं ओढवून घेतलं तेही बाईंनीच. नवी 'तार' आल्याचं त्यांनी वाचलं, आणि जोतिरामचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. मानेतल्या शिरेतून केसाएवढी तार मेंदूतल्या शिरेपर्यंत सरकवायची. भिंतीला कान लावायच्या ऐवजी खोलीतच जाऊन बसायचं. अंदाज नको, दुरुस्ती नको, सोबतीही नको. मेंदू म्हणेल तेच शब्द. जोतिरामभाऊ आणखी छान बोलतील, असं बाईंना वाटलं. संमती अर्थात बोलकीनं दिली, आणि तीही गोड शब्दांत.

तार घालून महिना झाला. जखम भरली आणि एका दुपारी डॉक्टर फरीदा नाईकवडी ती चालू करायला घरी आल्या. मालननं शिरा केला होता. टोपी काढली, तारेचं यंत्र जोडलं. आवाज तोच, भरदार. शब्द मात्र कुदळीनं एकेक ढेकूळ काढावं तसे सुटे आले.

"नळी. काढा."

मालनच्या हातातली बशी तशीच राहिली.

"न्हाई म्हणालो हुतो. तीनदा. दीड वरीस झालं. बोंबलतोय. कोण ऐकत न्हाई."

डॉक्टरांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी खिडकीकडं बघितलं.

"ह्ये यांचं बोलणं न्हवं," मालन म्हणाली. "डॉक्टर, तुमचं यंत्र बिघडलंय. बंद करा ते."

"बंद करतेच," डॉक्टर म्हणाल्या. "प्रमाणपत्र मिळेपर्यंत ती चालू ठेवता येत नाही. येत्या गुरुवारी परीक्षा घेऊ. दहा प्रश्न. नऊ प्रश्न आणि त्यांची उत्तरं घरच्या माणसानं लिहून द्यायची, दहावा कायद्यानं ठरलेला. विचारायचं आणि तपासायचं सोबत्यानं. सात बरोबर आली तर तार खरी धरायची. मग त्यांनी हीच इच्छा आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीनदा सांगितली, तर नळी काढावी लागेल. नापास झाली तर तार कायमची बंद." दारात चपला घालताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "आणि पास झाली, तर बोलकीच्या जुन्या नोंदी समितीकडं जातात. तसा नियम आहे."

बाई घरी गेल्या आणि त्यांनी त्या नोंदी उघडल्या. सोबत्याला त्या बघता यायच्या. आजवर बघायची गरज वाटली नव्हती. एकूण दुरुस्त्या दोन हजार तीनशे सोळा. पापणीच्या खुणेनं झालेल्या त्यातल्या एकशे नव्वद. नळीच्या दिवसाच्या तीन ओळी एकाखाली एक होत्या. अंदाज: नको, दुरुस्ती: हवी. प्रत्येक ओळीपुढं शै. मगदूम. आणि शेजारी एक रकाना होता, बोलण्यात मेंदूच्या खुणेचा वाटा किती याचा. पहिल्या महिन्यात शेकडा साठ. सहाव्या महिन्यात शेकडा एकवीस. गेल्या वर्षभर शेकडा चार. मेंदूचं ऐकलं की लाल बटण दाबलं जातं, बाईंच्या मनातलं बोललं की हिरवं, एवढं यंत्राला कळलं होतं, आणि त्यानं जोतिरामचं ऐकणं सोडून दिलं होतं. तो आत ओरडत असताना बाहेर बाईंच्या मनातला नवरा बोलत होता.

बाई रडल्या. मनापासून रडल्या, यात खोटं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कबुली द्यायला खोतांच्या घरी गेल्या.

मालन परसात भांडी घासत होती. जोतिरामच्या खोलीची खिडकी परसातच उघडत होती. बाईंनी सगळं सांगितलं. बटण, चौकट, नळी, सगळं. मालनचा हात थांबला नाही.

"बाई, मला काय खुळी समजलासा?" ती म्हणाली. "तीस वरसं संसार केलाय मी ह्या माणसाबरोबर. पैल्यांदा 'मालन' म्हणालं तवाच मी वळखलो. ह्ये आमचं न्हवं. ह्ये बाईंचं."

"मग बोलला का नाही?"

"कशाला बोलू? कोणतरी बोलत हुतं की माझ्याशी." तिनं पातेलं पालथं घातलं. "आता तुम्ही खरं करायला निघालासा. नळी काढली की पंधरा मिनिटांत ह्ये संपलं. टोपी गेली की त्यो बी संपला. एका बाईचं दोन नवरं एका झटक्यात मारणार तुम्ही. आणि जाणार कुठं? आपल्या घरी."

"पण मालन, ते आत तळमळतायत गं. त्यांनी तीनदा सांगितलं होतं."

"मी बी सांगत हुतो. तीस वरसं. त्यांनी कवा ऐकलं?" ती शांतपणे बोलली आणि तिनं पुढचं भांडं ओढलं. "आणि बाई, तुमचं काय राहील वो? मंडळानं शाल घातलीया. किती घरात तुम्ही शिकवलेलं सोबती बसल्यात? त्या सगळ्यांची यंत्रं उघडतील. करायचं तर ह्याचा इचार करून करा."

खिडकीतून बोलकीचा तो भरदार आवाज आला, "मालन, बाई उभ्या हायत. बसायला दे की त्यास्नी."

मालननं पदराला हात पुसले आणि पाट आणून ठेवला. बाई बसल्या.

गुरुवारी डॉक्टर वेळेवर आल्या. ज्यानं तार घातली त्यानं परीक्षेच्या खोलीत थांबायचं नाही, असा दंडक होता. आपल्याच यंत्राला पास करायचा मोह नको म्हणून. खोलीतलं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं नाही, हाही दंडकच, रुग्णाच्या खासगीपणासाठी. डॉक्टरांनी टोपी उतरवली, तार चालू केली, दार ओढून घेतलं आणि त्या बाहेर सोप्यात जाऊन बसल्या. खोलीत तिघं उरली. मालनच्या उत्तरांचा कागद बाईंच्या मांडीवर होता.

"लग्न कुठल्या गावी झालं?"

"नेसरी."

कागदावर नेसरीच होतं. बाईंनी बरोबरची खूण केली. वडिलांचं नाव, बरोबर. वस्तादांचं नाव, बरोबर. डॉक्टरांना कुठूनही कळू शकेल अशा गोष्टी मालननं खऱ्याच लिहिल्या होत्या. हुशार बाई.

"पहिलं निवेदन कुठल्या मैदानात केलं?"

"चिंचेवाडी."

कागदावर हलकर्णी होतं. बाईंनी मालनकडं बघितलं. ती नवऱ्याच्या पायाला तेल लावत होती.

"चिंचेवाडी," जोतिराम पुन्हा म्हणाला. "चिंचेवाडीच."

बाईंनी फुली मारली. ती त्यांना सोपी गेली. कागदावर तसंच होतं, आपण काय करणार? अशा आणखी दोन फुल्या पडल्या. नऊ प्रश्न संपले तेव्हा सहा बरोबर होती, तीन चूक. दहावा राहिला. त्याचं उत्तर मालनच्या कागदावर नव्हतं, नुसता आकडा होता आणि खुणेची जागा. रुग्ण शुद्धीवर आहे, समोरचं ओळखतो, हे पाहण्यासाठी कायद्यानं ठरवून दिलेला तो प्रश्न होता.

बाईंनी तो वाचला. "तुमच्यासमोर बसलंय ते माणूस कोण?"

श्वासयंत्र वर गेलं, खाली आलं. जोतिरामचे डोळे छताकडं होते. ते हलत नव्हते. पण तो बघत नाही असं बाईंना क्षणभरही वाटलं नाही.

"शैलजा मगदूम," तो म्हणाला. "मास्तरीण."

मालन तेल लावायची थांबली.

"बाई," आवाज आला. त्यात राग नव्हता. वर्गात पोरं विनवतात तसा तो आला. "एवढं एक खरं लिवा."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. शाल आठवली. आपण शिकवलेले सोबती बसतात ती अकरा घरं आठवली, आणि त्या घरांतली यंत्रं काय काय बोलत असतील ते आठवलं. या खोलीत उद्यापासून आपल्याशी कुणी बोलणार नाही, हेही आठवलं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेच आठवलं. एक शब्द बरोबर म्हटला तर हा माणूस तीन आठवड्यांत सुटतो. म्हटला नाही तर किती वर्षं? हृदय धडधाकट होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वीस सहज.

त्यांनी दहाव्या आकड्यापुढं, स्वतःच्या नावाला, फुली मारली.

मालननं कागद बघितला, घडी घातली आणि दार उघडलं. डॉक्टरांनी बेरीज केली. "सहा," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं हो. चांगली चालेल असं वाटलं होतं." त्यांनी तार बंद केली. बंद होताना ती काही म्हणत होती. पहिलं अक्षर आलं आणि तुटलं. मालननं नवऱ्याच्या डोक्यावर टोपी नीट बसवली, कपाळावरचे केस आत सारले आणि बोलकीचा दिवा हिरवा झाला.

"बाई," तोच भरदार आवाज म्हणाला, "लई उपकार झालं तुमचं. किती करतायसा आमच्यासाठी."

"असू द्या हो, भाऊ," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"